चार वाजून दहा मिनिटांनी फुटलेला कप

४ जानेवारी

चि. पंडित,

आशीर्वाद नेहमीचेच, या वेळी जरा हात राखून. तुझं पत्र मिळालं. आठ वर्षांनी भावाचं पत्र येतं आणि त्यात बहिणीची चौकशी दीड ओळ, बाकी अडीच पानं स्वतःच्या भाषणाबद्दल. म्हणजे तू खुशाल आहेस हे न विचारताच कळलं. फोन का नाही केला असं म्हणशील, म्हणून सांगते. फोनवर तू बोलतोस. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं.

आमच्या विज्ञान केंद्रातल्या नव्या दालनाचं उद्घाटन तुझ्या हस्ते करायचं हा बेत संचालकबाईंचा आहे, माझा नाही. त्यांनी तुझी विज्ञानावरची व्याख्यानं ऐकली आणि त्या भारावल्या. दालन मांडणारी बाई तुझी सख्खी बहीण आहे हेही त्यांना तुझ्याकडूनच कळलं. सोळा वर्षं मी इथे पेट्या, दिवे आणि चित्रं करते, पण तुझं नातं सांगावंसं मला एकदाही वाटलं नव्हतं.

आता तुझ्या मागण्या. क्वांटम गुंता लोकांना डोळ्यांनी दिसावा म्हणून तुला भिंतभर चित्र हवंय: काळं आकाश, दूर गेलेले दोन कण म्हणून दोन चकाकणारे गोळे आणि त्यांना जोडणारा निळा धागा. मी ते काढणार नाही. धागा काढला की माणसाला वाटतं, इकडे ओढलं की तिकडे हलतं. तसं काही हलत नाही. तिकडच्या माणसाला नुसतं आपल्या कणाकडे बघून इकडे काय झालं याचा पत्ताही लागत नाही. एवढं तुला कळत नाही असं नाही. कळतं, पण निळ्या धाग्याला टाळ्या पडतात.

तुझे ते हातमोजेही नकोत. एका खोक्यात डावा, दुसऱ्यात उजवा, एक खोकं परदेशी पाठवलं, इथलं उघडलं आणि डावा निघाला की तिकडचा उजवा हे ‘क्षणात’ कळलं! अरे, मोजा खोक्यात घातला तेव्हापासून डावाच होता. त्यात क्वांटम कुठे आलं? हा तर घरातला पसारा झाला.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहायला बसले. तुझ्या भाषणाचा मसुदा संचालकबाईंनी मला कौतुकाने वाचायला दिला. ‘दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझ्या हातातून चहाचा कप निसटला आणि फुटला. त्याच क्षणी, हजार किलोमीटरवर, माझ्या आईने शेवटचा श्वास घेतला होता. आम्ही गुंतलेलो होतो.’ तीन वर्षं हा कप तू गावोगाव फोडतो आहेस म्हणे.

हे वाक्य माझ्या दालनात उच्चारलं जाणार नाही. शेवटच्या दुखण्यात येतो म्हणून आईला सांगितलंस आणि आला नाहीस. निदान तिच्या मरणावर टाळ्या तरी घेऊ नकोस. दोन मार्चला उद्घाटनात तू कप काढलास तर मी पहिल्या रांगेतून उठेन आणि तो कप कसा खोटा आहे हे सगळ्यांसमोर सांगेन. माझ्याकडे कारण आहे.

ताई


१९ जानेवारी

चि. पंडित,

तुझं सात पानी उत्तर पोचलं. सात पानांत तू तीन वेळा ‘सामान्य माणसाला’ असं लिहिलं आहेस. हा सामान्य माणूस तुला कुठे भेटतो कोण जाणे. माझ्याकडे रोज दोनशे येतात, आणि त्यांतला एकही तू समजतोस तितका ढ नाही.

तू लिहितोस, ‘धागा नको, मोजे नकोत, तर मग दाखवणार काय?’ नीट ऐक.

दालनाच्या दोन टोकांना दोन पेट्या आहेत. मध्ये एक यंत्र, ते दर वेळी कणांची एक जोडी सोडतं, एक डावीकडे, एक उजवीकडे, असं समजायचं. प्रत्येक पेटीवर तीन बटणं, आणि वर एक दिवा, लाल किंवा हिरवा लागणारा. डावीकडचा माणूस मनाला येईल ते बटण दाबतो, उजवीकडचाही. एकमेकांना विचारायचं नाही. कोणतं बटण आणि कोणता रंग एवढंच पेटीला बांधलेल्या वहीत लिहायचं.

दोघांनी एकच बटण दाबलं तर रंग नेहमी एकच येतो. इथवर तुझे मोजे पुरतात. निघतानाच कणांनी आपसात ठरवलं असेल: एकला लाल, दोनला लाल, तीनला हिरवा. पण आता वेगवेगळी बटणं दाबली तर? बटणं तीन आणि रंग दोनच. काहीही ठरवा, तीनांतली दोन बटणं तरी एका रंगाची असणारच. म्हणजे ‘एक-दोन’, ‘दोन-तीन’, ‘एक-तीन’ या तीन जोड्यांपैकी एक तरी जुळणारच. वेगवेगळी बटणं शंभर वेळा दाबली तर निदान तेहतीस वेळा तरी रंग जुळणार, जास्त चालेल, कमी नाही. आधी ठरवून निघालेल्यांना तेहतीसच्या खाली जाता येत नाही.

आणि खरे कण पंचवीसवर जातात.

बस्स, एवढंच. तेहतीस आणि पंचवीस यांच्यामधली आठाची फट हेच ते सगळं गूढ. त्यात ना आकाश आहे ना कप. खोक्यात मोजा आधी नव्हताच, असं ती फट सांगते. आणि ती फट एका पेटीपाशी उभं राहून दिसत नाही. एकटी डावी वही वाचली तर नुसतं लाल, हिरवं, लाल, लाल, अर्धं अर्धं, वेड्याचा बाजार. उजवीही तशीच. दोन्ही शेजारी ठेवल्या तरच कळतं.

दालन आमच्या प्रवेशद्वारातच आहे, म्हणून पेट्या गेले आठ महिने तिथे चाचणीसाठी मांडूनच ठेवल्या आहेत. मी स्वतः तपासून घेतल्या. एकच बटण दाबून चाळीस वेळा रंग पाहिला, चाळीस वेळा जुळला. माझं काम हे असं असतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा धंदा तुझा.

कपाबद्दल तू लिहितोस, ‘तो खरोखरच पडला होता, ताई.’ पडला असेल. वेळ तुला कुठून कळली, तेवढं स्वतःला विचार. आणि ‘मी येतो असं आईला कधीच म्हटलं नव्हतं’ हे वाक्य लिहिताना तुझा हात कसा चालला? आईने मला स्वतः सांगितलं होतं, ‘पंडित येतोय, तू रजा काढू नकोस.’ आई आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसली. निरोप चुकवणारी बाई नव्हती ती.

ताई


३० जानेवारी

पंडित,

सात पानांनंतर एक कार्ड, आणि त्यावर एकच ओळ: ‘ताई, दोन्ही वह्या शेजारी ठेवून तू कधी पाहिल्यास का?’

मला शिकवतोस? ज्याने पहिल्या पुस्तकात माझी बावीस चित्रं छापली आणि माझं नाव टाकायला विसरला, त्याने मला वह्या तपासायला सांगावं? विसरला हे तुझं म्हणणं. मी आजही ते मानत नाही.

वह्या भरल्या की मी कपाटात ठेवते, डाव्या डाव्या खणात, उजव्या उजव्या खणात. आता काढते. आठ महिन्यांचा आकडा मोजून तुला पाठवते, म्हणजे पुढचं कार्ड लिहायचे तुझे कष्ट वाचतील.

ताई


६ फेब्रुवारी

चि. पंडित,

मोजलं. चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. दोन्ही वह्या टेबलावर शेजारी, बोट एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर. वेगवेगळी बटणं दाबल्याच्या दोन हजार एकशे सहा नोंदी निघाल्या.

शंभरात चौतीस.

पहिल्यांदा वाटलं मोजण्यात चूक झाली. पुन्हा मोजलं. चौतीस. मग मी तारकाकांना बोलावलं. आमची सगळी जोडकामं तेच करतात, निवृत्तीला वर्ष राहिलंय. माझ्या नकाशात डाव्या पेटीतून उजव्या पेटीत फरशीखालून एक तार जात होती. खरे कण आमच्यासारख्यांना परवडत नाहीत, आम्ही नक्कल करतो, आणि पंचवीसचा आकडा नकलेत आणायचा तर एका पेटीला दुसरीचं बटण कळावंच लागतं. मी विचारलं, तार कुठे आहे?

“टाकलीच नाही,” काका म्हणाले. “फरशी फोडायची म्हणजे आठ दिवस येण्याजाण्याचा रस्ता बंद. मी दोन्हीकडे एकच यादी भरून ठेवली. कुठल्या फेरीला कुठल्या बटणाला कोणता रंग, सगळं आधीच ठरलेलं. तुम्हीच म्हणाला होतात ना, सारखं बटण तर सारखा रंग? तुम्ही चाळीस वेळा बघितलंत, जुळलं, खूश झालात.”

मी म्हटलं, काका, पण मग हे मोजे झाले.

“मोजे की टोपी ते मला माहीत नाही बाई,” ते म्हणाले, “पण आठ महिन्यांत तक्रार एकसुद्धा नाही.”

तर असं आहे. आठ महिने रोज दोनशे माणसांना मी ‘इथे मोजे नाहीत’ अशी पाटी लावून मोजेच दाखवले. सारखी बटणं दाबून पाहिली, कारण ती जुळतात हे बघायला बरं वाटतं. जिथे न जुळणं महत्त्वाचं होतं तिथे मी बघितलंच नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण तुझ्यासाठी राखून ठेवली होती.

हे वाचून तू हसशील. हस. तेवढा हक्क तू कमावलास. पण एक सांग, तू त्या कार्डावर लिहिलंस त्या वह्या याच होत्या का?

ताई


१५ फेब्रुवारी

चि. पंडित,

नव्हत्या तर.

तुझं पाकीट काल आलं. तुझ्या फोनच्या वहीची, आईच्या शेवटच्या आठवड्याची पानं. आईची ही सवय तू उचललीस हे मला माहीतच नव्हतं: तारीख, वेळ, कोण, काय बोलणं झालं. एक्स्चेंज सुटलं तरी तिची वही सुटली नव्हती. मी कधी असलं लिहून ठेवलं नाही, मला सगळं लक्षात राहतं असा माझा समज.

तुझ्या पानांवर सहा दिवस, रोज एक फोन. आणि सहाही दिवस आईचं तेच: ‘ताई इथेच आहे माझ्याजवळ. तू काम सोडून येऊ नकोस.’ शेवटच्या ओळीपुढे तू लिहिलंस, ‘ताई आहे म्हणून बरं आहे.’

मी नव्हते.

आता हे एकदा लिहूनच टाकते, म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही. मी याच शहरात होते, बसने पंचवीस मिनिटांवर, आणि मी गेले नाही. पंडित येतोय असं आईने सांगितलं, आणि तुझं तोंड बघायला नको म्हणून मी गेले नाही. सहा दिवस रोज फोन केला, ‘आला का तो?’ असं एकदाही विचारलं नाही. तुझं नाव तोंडातून काढायचं नव्हतं. आई गेली तेव्हा तिच्याजवळ कोणीही नव्हतं. समोरच्या घरातली नर्स संध्याकाळी सहाला कामावरून आली तेव्हा तिला दिसलं, तिने मला कळवलं, आणि तू आलाच नव्हतास हेही मला तेव्हाच समजलं. किती वाजता गेली हे कोणालाच माहीत नाही. डॉक्टरांनी नुसतं ‘दुपारी’ असं लिहिलं.

सातला मी तुला फोन केला आणि सांगितलं, ‘आई गेली. चार वाजून दहा मिनिटांनी.’ चार दहा कुठून आलं? माझ्या डोक्यातून. मिनिटासकट वेळ सांगितली की सांगणारी जवळ होती असं वाटतं. तू आला नाहीस आणि मी होते, असं मला तुला ऐकवायचं होतं. दुसऱ्या दिवशी तू येऊन कोपऱ्यात उभा राहिलास आणि परत गेलास, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. हे माझं खरं.

म्हणून तुझा कप खोटा आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्या थापेवर तू कप फोडलास. कुठलाही गुंता हजार किलोमीटरवरून निरोप आणत नाही. निरोप मी दिला होता, सात वाजता, फोनवरून, आणि तोही बनावट. आता समजलं ना, पहिल्या रांगेतून उठायची धमकी का नुसतीच धमकी होती? उठून मी काय सांगणार होते?

तुझी पानं वाचल्यावर माळ्यावरची पेटी खाली काढली. आईच्या वस्तू सहा वर्षं तिच्यात होत्या, मी ती उघडली नव्हती. वर चष्मा, त्याखाली वही. मी तिची वही तुझ्या पानांशेजारी ठेवली. वेळा मिनिटाला मिनिट जुळतात. तुझे सहा फोन, माझे सहा फोन. तुला सांगितलं ताई आहे, मला सांगितलं पंडित येतोय. दोन खोकी, आणि दोन्हींत मोजे भरून ठेवणारी आपली आई. तुला आपण गुंतलेलो वाटतो. मला तू खोटारडा वाटत होतास. इतकी अक्कल दोघांच्यात मिळून, आणि एका म्हाताऱ्या टेलिफोन ऑपरेटरने आपल्याला आठवडाभर चकवलं, कारण आपण एकमेकांशी बोलणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं.

असं मला वाटतंय, पण एक गोष्ट राहिली. वहीत प्रत्येक नोंदीच्या उजवीकडे तिने बारीक अक्षरात आणखी काहीतरी लिहिलंय. चष्मा लावूनही मला आज ते वाचायचं धाडस झालं नाही.

ताई


२२ फेब्रुवारी

चि. पंडित,

तू येणार नाहीस, तब्येतीचं कारण देऊन संचालकबाईंना कळवतोस, असं लिहिलंस. पळायला तू पहिल्यापासून हुशार. ते पत्र मी फाडलं. त्यांना मी सांगितलंय की तू येतो आहेस.

फरशी फोडली आहे. तार पडली. रस्ता आठ दिवस बंद होता, कोणी मेलं नाही. चौथ्या दिवशी काका आणि मी दोन टोकांना बसून तीनशे वेळा बटणं दाबली आणि वह्या मधल्या टेबलावर आणून शेजारी ठेवल्या. वेगवेगळ्या बटणांत शंभरात सव्वीस. काका म्हणाले, “आता आधीपेक्षाही कमी वेळा जुळतंय आणि तुम्ही पेढे वाटल्यासारखा चेहरा करताय.” पाटीही बदलली. ‘या पेट्यांत खरे कण नाहीत. ही नक्कल आहे, मधून तार जाते. खऱ्या कणांमध्ये अशी तार कोणाला सापडलेली नाही. मग ते कसे जुळतात याचं चित्र आम्हाला काढता आलेलं नाही.’ तुझ्या निळ्या धाग्याच्या जागी ही पाटी लागेल. संचालकबाईंना ती जरा रडकी वाटते.

उद्घाटन असं होईल. तू डाव्या पेटीशी, मी उजव्या. वीस वेळा बटणं दाबायची, लिहायचं, आणि आपापली वही घेऊन मधल्या टेबलापाशी यायचं. मग तुला पाच मिनिटं बोलायला. हवं तर मोज्यांची गोष्ट सांग. आम्ही दोघं आठ महिने आणि सहा वर्षं कसे मोजे दाखवत होतो ते सांग. कप घरी ठेवून ये.

आता आईच्या वहीतली उजवीकडची अक्षरं. वाचली. तिने आपल्याला चकवलं असं मी मागे लिहिलं, ते खोडून टाक. जसं आहे तसं उतरवून देते.

पहिला दिवस: ‘पंडितला म्हटलं ताई इथे आहे. ताईला म्हटलं पंडित येतोय. आता तो तिला विचारेल नाहीतर ती त्याला.’

दुसरा: ‘अजून विचारलेलं नाही.’

तिसरा: ‘खोटं बोलले म्हणून दोघंही माझ्यावर चिडतील. चिडू देत. आधी एकमेकांना फोन तर करतील.’

चौथा आणि पाचवा: ‘नाही.’

सहावा: ‘आज तरी भांडायला फोन येईल असं वाटलं होतं. उद्या पुन्हा सांगून बघते.’

सातव्या दिवसाची तारीख घालून ठेवली आहे. पुढे काही नाही.

हे पत्र तुला चार दिवसांनी मिळेल. मिळाल्यावर उत्तर लिहीत बसू नकोस. फोन कर. काय बोलायचं ते सुचलं नाही तर भांड, मला चालेल. नंबर तोच आहे.

ताई